मुक्या जिवांचा कैवारी : श्रीसंत गाडगेमहाराज

श्रीसंत गाडगेमहाराजांचे नाव घेतले की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम खराटा उभा राहतो. अंगावर चिंध्यांची वाकळ, डोईवर फुटक्या गाडग्याचे खापर, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा आणि हाती खराटा, ही मूर्ती महाराष्ट्राच्या घरोघरी पोचली आहे. त्यांच्या नावाने सन २०००-०१ पासून राज्यात ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, अमरावतीच्या विद्यापीठाने त्यांचे नाव धारण केले, आणि १९९८ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. हा सर्व गौरव योग्यच होय. परंतु खराट्याच्या या कीर्तीमागे बाबांच्या जीवनकार्याचे एक अंग काहीसे झाकले गेले आहे. ते अंग म्हणजे मुक्या प्राण्यांविषयी त्यांना वाटणारी करुणा. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र अशी कर्तव्यांची जी यादी त्यांच्या नावाने सर्वत्र लावलेली दिसते, तीत पशुपक्ष्यांना अभय देण्याचेही कर्तव्य सांगितलेले आहे. ते यादीत कोठून आले, हे समजून घेण्यासाठी बाबांच्या चरित्राकडे पुन्हा एकदा वळले पाहिजे. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांना तर ते चरित्र अधिकच जवळचे आहे, कारण त्याचा उगम आपल्याच चालीरीतींत झालेला आहे.

बाबांचे मूळ नाव देबूजी झिंगराजी जानोरकर. त्यांचा जन्म वऱ्हाडात, आजच्या अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात शेंडगाव या खेड्यात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी, आई सखूबाई. घर कष्टाळू होते. परंतु त्या काळच्या अनेक कष्टाळू घरांना जी कीड लागली होती, तीच या घरालाही लागली. मूल जन्मले, जावळ काढले, लग्न ठरले, नवस फेडला, कोणी वारले, प्रसंग आनंदाचा असो वा दुःखाचा, ज्ञातीला बोकडाचे जेवण आणि दारू दिल्याखेरीज तो पार पडला असे कोणी मानीत नसे. देवाच्या नावाने बोकड पडे, आणि देवाच्याच नावाने बाटली फुटे. ज्याच्या घरी हे होत नसे त्याला नावे ठेवली जात. झिंगराजी या रीतीत इतके गुरफटले की प्रसंगापुरते घेतलेले मद्य नित्याचे झाले. प्रकृती ढासळली, घरची मिळकत गेली आणि देबू अवघा आठ वर्षांचा असताना झिंगराजींचे देहावसान झाले. पोराचा हात धरून सखूबाईंना माहेरची वाट धरावी लागली.

हे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे. तेथे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांच्या आश्रयाने देबू वाढला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. त्याची शाळा गायरानात भरली. गुरे राखणे हे त्याचे पहिले काम. गुराख्याच्या पोराला जनावराची जी ओळख होते ती पोथीपुराणांतून होत नाही. कोणत्या गाईला कोठे दुखते, कोणते वासरू आईला चुकले आहे, पाण्यावाचून कोण कासावीस झाले आहे, हे त्याला बोलून दाखवावे लागत नाही, डोळ्यांनी कळते. जनावर मुके असते असे आपण म्हणतो, पण गुराख्याच्या लेखी ते मुके नसते, ऐकणारेच बहुधा बहिरे असतात. पुढे देबू मोठा झाला, मामाच्या शेतात राबू लागला, आणि बैलांच्या जोडीने राबता राबता श्रमाचे खरे मोल त्याला कळले. मनुष्य आणि बैल एकाच जुवाखाली घाम गाळतात, हे ज्याने रोज अनुभवले त्याला दोघांच्या जिवांत मोठे अंतर आहे असे वाटणे कठीणच.

दिवसा शेत आणि रात्री भजन, असा त्याचा क्रम झाला. गावातील पोरे जमवून त्याने भजनाचा फड उभा केला. सवंगड्यांसह तो ज्या गोपाळाचे नाव रात्र रात्र आळवी, तो देव स्वतः गुराखीच होता, हा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. पुढे आयुष्यभर बाबांच्या कीर्तनात याच गोपाळाचा गजर होत राहिला.

याच काळात घरावर दुसरे संकट आले. चंद्रभानमामा निरक्षर. सावकाराने कागदावर जे लिहिले त्यावर अंगठा देण्यापलीकडे त्यांना काही कळत नव्हते. एके दिवशी कळले की डोक्यावर कर्जाचा डोंगर झाला आहे आणि घाम गाळून पिकविलेली जमीन सावकाराच्या घशात गेली आहे. या धक्क्याने मामा गेले. सावकार ताबा घेण्यास आला तेव्हा तरुण देबूने नांगर सोडला नाही. एकट्याने त्याला विरोध केला. हा प्रसंग बाबांच्या मनात खोल रुजला. कर्ज हे गरिबाच्या घरात कोणत्या दाराने शिरते, याचा शोध ते पुढे जन्मभर घेत राहिले, आणि त्यांना दोन दारे दिसली : एक अज्ञानाचे आणि दुसरे रूढीचे. ज्या सणासाठी, ज्या नवसासाठी, ज्या ज्ञातिभोजनासाठी बोकड आणावा लागतो, त्याच्यासाठी सावकाराचा उंबरठा चढावा लागतो. बोकडाची मान एका दिवशी कापली जाते. घराची मान कित्येक वर्षे थोडी थोडी कापली जाते. सुरी मात्र एकच असते.

हे त्यांनी केवळ मनाशी मानले नाही, घरात आचरून दाखविले. देबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला होता. त्यांना पहिली मुलगी झाली, अलोका. बारशाचा दिवस आला. ज्ञातीची माणसे जमली. रीतीप्रमाणे बोकडाचे मांस आणि दारू मिळणार असे सर्वांनी गृहीत धरले होते. देबूजींनी पंक्तीला बुंदीचे लाडू वाढले. आज आपल्याला यात फारसे काही वाटणार नाही. बारशाला लाडू वाढणे ही आता सामान्य गोष्ट आहे. परंतु त्या काळी, त्या पंक्तीत, ती बंडाची गोष्ट होती. भाऊबंदांचा राग, ज्ञातीची नाराजी, पिढ्यान्‌पिढ्यांची चाल मोडल्याचा ठपका, हे सर्व त्या लाडवांबरोबर त्यांनी पत्करले. ज्या रूढीने बाप गिळला ती रूढी लेकीच्या पाळण्यापाशी येऊ द्यायची नाही, हा त्यांचा निर्धार होता. बाबांच्या समाजसुधारणेचा आरंभ कोणत्याही सभेत झाला नाही, व्यासपीठावर झाला नाही; तो घरच्या पंक्तीत झाला. एका मुलीचे नाव ठेवताना एका बोकडाचा प्राण वाचला, आणि एक घर कर्जातून वाचले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाची तिशी पुरी होण्यापूर्वी, देबूजींनी घराचा त्याग केला. पहाटे निघाले ते हाती काठी आणि गाडगे घेऊन. आई, पत्नी, मुले मागे राहिली. हा त्याग वाचताना आपल्या मनाला कष्ट होतात, आणि व्हावेतही. कारण त्याची किंमत सखूबाई आणि कुंताबाई या दोन स्त्रियांनीही मोजली. पुढची १२ वर्षे ते अनामिक भटकत राहिले. मिळेल तो तुकडा खायचा, मिळेल तेथे पडायचे, वाटेत कोणाच्या शेतात काम दिसले की हात लावायचा आणि आभाराची वाट न पाहता पुढे निघायचे. लोक वेडा म्हणत, चोर म्हणत, प्रसंगी मारीतही. हाकलले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी या काळात स्वतःच्या अंगावर अनुभवले. दाराशी आलेल्या कुत्र्याला आपण ज्या शब्दांनी हाकलतो, त्याच शब्दांनी त्यांनाही कित्येक दारांवरून हाकलले गेले. ज्याने हे सोसले त्याची करुणा पुस्तकी राहत नाही.

याच भ्रमंतीतून बाबांचे कीर्तन जन्मास आले. ऋणमोचन हे पूर्णेच्या काठचे यात्रेचे स्थान. तेथे पौषात यात्रा भरते. नदीच्या निसरड्या काठावर स्नानाला उतरणाऱ्यांचे हाल पाहून बाबा तेथे स्वतः राबले, आणि पुढे घाट उभा राहिला. ऋणमोचन या शब्दाचा अर्थच ऋणातून सुटका. बाबांच्या साऱ्या कीर्तनाला हेच नाव शोभले असते. त्यांचे कीर्तन इतर कीर्तनांसारखे नव्हते. पूर्वरंग, उत्तररंग, पल्लेदार आख्यान यांचा तेथे पत्ता नसे. बाबा प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तर देत. उत्तर देता देता श्रोत्यांनाच आपली चूक कळे. दिवसभर ज्या गावाचे रस्ते त्यांनी झाडले, रात्री त्याच गावाची मने ते झाडीत. वऱ्हाडी बोलीतील ते साधे प्रश्न विद्वानांनाही निरुत्तर करीत.

पशुबळी हा या कीर्तनांतील नित्याचा विषय होता. जत्रेत देवीपुढे, म्हसोबापुढे, मरीआईपुढे बोकड आणि कोंबडी पडत. बाबांनी या प्रथेवर जो प्रहार केला त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मांस अपवित्र आहे, सोवळे मोडते, अशा अंगाने ते बोलत नसत. सोवळ्याओवळ्याचे स्तोम त्यांना स्वतःलाच मान्य नव्हते. जिला आपण जगाची आई म्हणतो ती आपल्याच एका लेकराचे रक्त दुसऱ्या लेकराकडून मागेल काय, हा त्यांचा मूळ प्रश्न. देव सर्वांभूती असेल तर तो देव्हाऱ्यात जसा आहे तसा दोरीला बांधलेल्या बोकडातही आहे. मग कोण कोणाला कोणापुढे अर्पण करतो? आणि नवसाचे फळ मिळावे म्हणून दुसऱ्याच्या प्राणाचा सौदा करणे ही भक्ती की व्यापार? असे प्रश्न ऐकून माणसे अंतर्मुख होत. कित्येक गावांत त्यांच्या कीर्तनानंतर बळीची प्रथा थांबली. येथे कायदा नव्हता, दंड नव्हता, पोलीस नव्हता. कालपर्यंत सुरी धरणाऱ्या हाताने ती आपण होऊन खाली ठेवली, हे या कार्याचे खरे यश होय.

बाबांनी हे काही नवे तत्त्वज्ञान निर्माण केले नाही. ते स्वतः तुकोबांना गुरुस्थानी मानीत आणि स्वतःचा शिष्य मात्र कोणाला म्हणवू देत नसत. वारकरी पंथात भूतदया हा भक्तीचा पायाच मानला आहे. पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव, आणि रामेश्वराला वाहण्यासाठी आणलेले काशीचे गंगोदक वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घालणारे एकनाथ, या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु आपण त्या ऐकतो आणि संतांचा चमत्कार म्हणून बाजूला ठेवतो. नाथांनी केले, कारण ते नाथ होते, अशी आपली समजूत असते. बाबांनी या आख्यायिका देवळातून उचलल्या आणि बाजारात, जत्रेत, जेवणाच्या पंक्तीत नेऊन ठेवल्या. आत्मा सर्वत्र एकच आहे हे मान्य असेल, तर त्या मान्यतेचा खर्च आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या गोठ्यात दिसला पाहिजे, हा त्यांचा आग्रह. आत्म्याविषयी त्यांनी वाद घातले नाहीत. आत्मा कसा असतो, कोठून येतो, कोठे जातो, ही चर्चा त्यांनी शास्त्र्यांवर सोपविली. समोरचा जीव भुकेला आहे, भ्यालेला आहे, दुखावलेला आहे, एवढे दिसले की त्यांना पुरे होत असे.

मूर्तिजापूर येथे त्यांनी गोरक्षणाचे कार्य उभे केले. ज्या तालुक्यात ते गुराखी म्हणून वाढले त्याच तालुक्यात हे काम व्हावे, यात एक प्रकारची परतफेड दिसते. गुरे राखणाऱ्या पोराने गुरांसाठी छप्पर बांधले. गाय दूध देते तोवर ती माता, आणि आटली की ओझे, असा आपला व्यवहार असतो. बैलाचेही तसेच, पोळ्याच्या दिवशी झूल आणि पुरणपोळी, आणि म्हातारपणी बाजार. या व्यवहाराला बाबांनी धर्माच्या नावाने बोल लावला नाही, तर कृतज्ञतेच्या नावाने लावला. आणखी एक गोष्ट विसरता कामा नये. त्यांची दया गाईपाशी थांबली नाही. गाईला पूज्य मानणारे पुष्कळ असतात. बोकडाला, कोंबड्याला, रस्त्यावरच्या कुत्र्याला कोणी पूज्य मानीत नाही. बाबांनी त्यांचाही कैवार घेतला. ज्याला कोणी वाली नाही त्याच्या बाजूला उभे राहायचे, हा त्यांचा सरळ हिशेब होता. माणसांच्या बाबतीतही आणि जनावरांच्या बाबतीतही.

माणसांच्या बाबतीत त्यांनी काय केले हे सर्वश्रुत आहे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी या क्षेत्रांच्या ठिकाणी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा, अन्नछत्रे, शाळा, वसतिगृहे, कुष्ठरोग्यांची सेवा. मुंबईत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी निवारा. पंढरपुरास ते वर्षानुवर्षे जात, परंतु विठ्ठलमंदिरात जात नसत. वारकरी दर्शनाच्या रांगेत उभे असत तेव्हा बाबा चंद्रभागेचे वाळवंट झाडीत असत. तेथे अस्पृश्य मानल्या गेलेल्या यात्रेकरूंना उतरण्यास जागा मिळेना, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ साली ती वास्तू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. लाखो रुपयांच्या इमारती ज्यांच्या शब्दावर उभ्या राहिल्या त्यांनी स्वतःसाठी एक खोली ठेवली नाही, आणि आपल्या घरच्या माणसांचाही त्या मालमत्तेवर हक्क लागू दिला नाही.

त्यांच्या श्रद्धेची परीक्षा पाहणारा एक प्रसंग १९२३ साली घडला. कोकणात खारेपाटण येथे त्यांचे कीर्तन चालले असता त्यांचा तरुण मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. पुष्कळांना हे कठोर हृदयाचे लक्षण वाटेल. परंतु जो माणूस बोकडाच्या डोळ्यांतील भीती पाहून कळवळत असे, त्याचे हृदय पुत्रशोकाने कळवळले नसेल, हे संभवत नाही. मृत्यू सर्वांच्या दारी येतो, आपला म्हणून त्याचे दुःख मोठे आणि परक्याचे म्हणून लहान असे नसते, हे ते कीर्तनात सांगत आले होते. त्या दिवशी ते त्यांना स्वतःला लागू करावे लागले. सर्व जीव सारखे मानण्याची हीच खरी किंमत असते. ती केवळ दया करण्याने फिटत नाही. आपल्या दुःखाला वेगळे सिंहासन न देण्याने फिटते.

१९५२ साली त्यांच्या संस्थांच्या व्यवस्थेसाठी श्रीगाडगेमहाराज मिशनची स्थापना झाली. बाबांचे शरीर आता थकले होते. कीर्तन मात्र थांबले नव्हते. १९५६ च्या डिसेंबरात, ६ तारखेस, बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीत, बाबांनी देह ठेवला. त्यांचे वय ८० वर्षांचे होते. जन्मभर वाटेवर राहिलेल्या पुरुषाला मरणही वाटेवरच आले. अमरावतीत त्यांची समाधी आहे.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या ज्ञातीच्या प्रत्येक समारंभात बाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो. ते आपल्यात जन्मले याचा अभिमान आपल्याला वाटतो, आणि तो स्वाभाविक आहे. परंतु बाबांनी स्वतः जात मानली नाही, आणि ज्या ज्ञातीत जन्म घेतला तिच्याशी त्यांचा पहिला प्रसंग झाला तो लाडवाच्या पंक्तीवरून. ते आपले आहेत असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला हार घालून मिळणार नाही. तो त्या पंक्तीत त्यांच्या बाजूला बसल्यानेच मिळेल.

आपला पिढीजात व्यवसाय मुक्या जिवांच्या पाठीवर चालला, हेही विसरता येत नाही. नदीच्या घाटापर्यंत कपड्यांची गाठोडी गाढवाने वाहिली, बैलाने वाहिली. आज इस्त्रीचे दुकान झाले, धुलाईची यंत्रे आली, मालाला टेंपो आला. कित्येक घरांतील मुले शिकून नोकरीधंद्यात स्थिर झाली. या प्रगतीच्या तळाशी ज्या जनावरांची हाडे झिजली त्यांचे आपण कधी नाव घेतले नाही. श्राद्धाला कावळ्यासाठी पान काढणारे आपण, त्या पाठीचे ऋण मानतो काय?

बाबांचे स्मरण करावयाचे तर ते मोठ्या संकल्पांनी करण्याची गरज नाही. देवाच्या नावाने आपल्या घरी कोणाचा प्राण जाणार नाही. लग्न, बारसे, तेरावा यांपैकी कोणत्याही कार्यासाठी कोणी कर्ज काढणार नाही, आणि ज्याने साधे जेवण दिले त्याला आपण नावे ठेवणार नाही. उन्हाळ्यात दाराशी पाण्याचे एक भांडे भरलेले असेल. आणि दाराशी आलेल्या मुक्या जिवावर दगड उचलला जाणार नाही, एवढे चार नेम पाळणे कोणत्याही घराला कठीण नाही. यांतील दुसरा नेम सर्वांत अवघड आहे, हे आपण जाणतो. बोकड वाचविणे सोपे असते. लोक काय म्हणतील या भयातून स्वतःला वाचविणे अवघड असते. देबूजींनी अलोकाच्या बारशाला तेच केले, आणि त्याच दिवशी गाडगेमहाराज जन्मास आले असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही.